माणसांतून उठलेल्याला

काकी, सप्रेम नमस्कार.

मी 32 वर्षांचा, देवगड तालुक्यातला. नऊ वर्षं मुंबईत नोकरी केली, गोरेगावला भाड्याने राहायचो. ऑफिसातच एक मुलगी भेटली. पाच वर्षं आमचं होतं, लग्नाचंही दोघांत ठरलेलं होतं. अडीच वर्षांपूर्वी बाबांना अर्धांगवायूचा झटका आला आणि मी गावी आलो. आता घरी आई, बाबा आणि हापूसची 140 कलमं. 'बाबा सावरले की येतो' असं तिला सांगितलं होतं. तिने बरीच वाट पाहिली, मग म्हणाली, मला गावात राहायला नाही जमणार. गेल्या वर्षी फेब्रुवारीत तिचं लग्न झालं. फोटो मला स्टेटसवर दिसले.

तेव्हापासून कशातच मन नाही. गणपतीत घरात बावीस माणसं होती, आरतीला झांज माझ्याच हातात होती, तरी हे सगळं दुसऱ्या कुणाच्या घरी चाललंय असं वाटत होतं. शिमग्याला पालखी अंगणात आली तेव्हा मी मागच्या दगडी गडग्यावर जाऊन बसलो. मित्र भेटले की किती पेट्या गेल्या विचारतात, क्रिकेटच्या टूर्नामेंटचं बोलतात. मला बोलायला काही सुचत नाही. त्यांनाही मी नकोसा झालोय, हे कळतं मला. मुंबईत मी गाववाला होतो, इथे अजून चाकरमानी आहे. आई स्थळं आणते, मुलीकडचे विचारतात मुंबईत खोली आहे का. रात्री तिचा डीपी बघत बसतो. कधी वाटतं तिने फसवलं, कधी फार आठवण येते. कधी वाटतं, सकाळी जाग आलीच नाही तर बरं. दिवसाआड बाबांची दाढी करतो. त्यांना नीट बोलता येत नाही, पण तेवढा वेळ डोकं शांत असतं.

मी माणसांतून उठलोय का? इथे यातलं कुणालाच काही माहीत नाही, म्हणून तुम्हाला लिहिलं.

— गडग्यावरचा

झिला,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्या खेपेला त्यात मुलगी दिसली. दुसऱ्या खेपेला बाबांची दाढी दिसली. दाढीकडे शेवटी येते, मधे बरंच काही आहे.

आधी ते सकाळचं. 'जाग आलीच नाही तर बरं' हे तू डीपी आणि दाढी यांच्या मधे हळूच सरकवलंयस, कुणाचं लक्ष जाऊ नये असं. माझं गेलं. दमलेला माणूस असं म्हणतो, मीही म्हटलेलं आहे. पण म्हणणारा कधी पुढे जातो ते शेजारच्यालाही कळत नाही, म्हणून सरळ विचारते: स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येतं का? एकदाही आलं असेल तर पुढचं वाचायच्या आधी 14416 लाव. टेलि-मानस ही सरकारी सेवा आहे, ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे. दिवसा-रात्री कधीही लागते, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. दुसरं, तुझ्या बागेतल्या मांगरात फवारणीची औषधं असणार. सीझन संपलाय, मोहोराच्या फवारण्यांना अजून अवकाश आहे. त्या मांगराला कुलूप घाल आणि चावी चुलत्याकडे नाहीतर शेजाऱ्याकडे दे. कारण सांगायची गरज नाही, 'माझ्याकडून हरवते' म्हण. असले विचार वावटळीसारखे येतात आणि बऱ्याचदा तसेच निघूनही जातात. त्या घटकेला हाताशी काही नसलं की माणूस वाचतो.

आणि दीड वर्ष कशातच मन नाही, ही गोष्ट नुसती प्रेमभंगाच्या खात्यावर मांडू नकोस. हे डिप्रेशन असू शकतं, आणि ते आहे की नाही हे मी पत्रावरून सांगणं म्हणजे आंबा न बघता भाव सांगणं. ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची चौकशी कर. रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. 'ह्याला रत्नागिरीला न्यायला हवं' असं आपल्याकडे अजून चेष्टेत म्हणतात, त्या चेष्टेपायी कितीतरी माणसं घरातच कुढत राहिली. तिथे भरतीच व्हावं लागतं असं नाही. बाह्यरुग्ण विभागात जायचं, बोलायचं, गोळ्या दिल्या तर घ्यायच्या आणि मांडवी एक्स्प्रेस पकडून घरी यायचं.

आता ती मुलगी. तुला आवडणार नाही, पण तिने तुला फसवलं असं मला दिसत नाही. 'बाबा सावरले की येतो' हे वाक्य तू पत्रात सहज लिहून गेलास, तसंच तिलाही सांगितलं असशील. झटक्यानंतर पहिले सहा महिने ते खरंही असेल. पण कधीतरी, पहिल्या पावसाआधी कलमांची आळी करताना म्हण किंवा बाबांच्या हाताला जोर येत नाही हे नक्की झालं तेव्हा म्हण, तुला कळलंच असेल की आता आपण काही परत जात नाही. ते तू तिला त्या दिवशी सांगितलं नाहीस. सांगण्यासारखं नव्हतंच ते, मला समजतं. ती फोनवर वाट बघत राहिली आणि तू 'बघू, पुढच्या महिन्यात' म्हणत राहिलास. शेवटी जे तुला बोलवत नव्हतं ते तिने बोलून टाकलं. तुझा राग तिच्यावर आहे त्यातला थोडा त्या न बोललेल्या महिन्यांवर असावा असा मला वास येतो. चुकत असेन तर सोडून दे.

मुंबईत वाढलेल्या, स्वतःच्या पगारावर उभ्या असलेल्या मुलीने देवगडच्या एखाद्या वाडीत यायचं म्हणजे काय, हे तूच तिच्या बाजूने एकदा मोजून बघ. नोकरी सुटली. दुसरी मिळेल ती कणकवलीला, तीही मिळाली तर. मोठं दुखणं आलं की गोव्यातलं बांबोळी नाहीतर कोल्हापूर. बाबांच्या वेळी गाडी काढून कुठे आणि किती तास धावलास ते आठव. पावसात वीज गेली की दोन-दोन दिवस येत नाही. आणि घरात आजारी सासरा, म्हणजे त्याचं अंथरूण-पांघरूण शेवटी कुणाकडे आलं असतं, हे तुला, मला आणि तिला, तिघांनाही ठाऊक आहे. तिला तुझ्याबद्दल काही वाटत नव्हतं असा याचा अर्थ नाही. वाटत असूनही माणूस 'नाही' म्हणू शकतो.

मुंबईतल्या खोलीचं म्हणशील तर त्या मुलीकडच्यांवर चिडू नकोस. आपल्या सगळ्या वाड्यांतल्या आया मुलासाठी 'गावात राहणारी हवी' म्हणतात आणि मुलीसाठी 'मुंबईचा हवा' म्हणतात. एकाच ओटीवर, एकाच दुपारी. मी ऐकलेलं आहे. हा गुंता तू निर्माण केलेला नाहीस आणि तुला एकट्याला तो सुटणारही नाही. तुझ्या हातात एवढंच आहे की आईला तारीख द्यायची. 'शिमगा होईपर्यंत स्थळ बघायचं नाही, त्यानंतर मी स्वतः विषय काढीन.' नुसतं 'नको' म्हटलं की आई दुसऱ्या दिवशी पुन्हा फोटो पुढे करते. तारीख दिली की ती कॅलेंडरवर खूण करते आणि गप्प बसते, निदान माझ्या घरी तरी असंच चालायचं.

डीपीचं मात्र लगेच बंद करायचं. 2010 साली हेलन फिशर या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतला एक प्रयोग प्रसिद्ध केला. प्रेमात नुकताच नकार मिळालेल्या 15 जणांना एमआरआयच्या यंत्रात झोपवून त्याच माणसाचा फोटो दाखवला. मेंदूचे जे भाग जागे झाले त्यांत कोकेनच्या तलफेशी संबंध असलेले भाग होते. पंधरा म्हणजे काही फार माणसं नव्हेत, पण जे दिसलं ते आपल्या अनुभवाशी जुळतं. त्यातच असंही दिसलं की ज्यांच्या नकाराला जास्त दिवस उलटले होते त्यांच्या मेंदूत, ओढीशी निगडित एका भागातली खळबळ कमी होती. म्हणजे दिवस आपलं काम करत असतात, आपण मधे लुडबुड केली नाही तर. माझ्या सासूने मशेरी दोनदा सोडली आणि दोन्ही वेळा डबी फळीवर तशीच ठेवली, 'असूं दे, दिसली म्हणून काय झाला' म्हणत. तिसऱ्यांदा डबी खाडीत फेकली तेव्हा सुटली.

तू बागायतदार आहेस, तुला वेगळं काय सांगू. आता पावसात कोय कलमं बांधतात. कोवळ्या रोपाला खाच द्यायची, काडी बसवायची, वर प्लॅस्टिकची पट्टी आवळायची आणि मग हात लावायचा नाही. धरलं का बघायला रोज पट्टी सोडणाऱ्याचं एकही कलम जगत नाही. तू दीड वर्ष रोज रात्री पट्टी सोडतोयस. नंबर काढून टाक, स्टेटस दिसणार नाही असं कर. त्यात तिचा अपमान नाही. तिला कळणारही नाही, तिचा संसार चालू आहे. पहिले पंधरा दिवस रात्री हात फोनकडे जाईल. तेव्हा फोन आईच्या उशाशी ठेव, मला तर दुसरा मार्ग दिसत नाही. आमच्या वेळी निदान पत्रं जाळता यायची. बंबात टाकली की पाणी तरी तापायचं.

आता तुझा खरा प्रश्न. माणसांतून उठलोय का.

तुझ्या पत्रातलं शेवटचं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं आणि ते तू नुसतं कारण म्हणून लिहिलंयस: इथे कुणालाच काही माहीत नाही. बघ, वाडीत कुणी गेलं तर काय होतं? दहा दिवस सुतक. त्या घरची चूल बंद असते तेव्हा शेजारून पेज येते. माणसं येतात, ओटीवर बसतात, काही बोलत नाहीत किंवा पावसाचं बोलतात आणि उठतात. त्या घरातल्या माणसाने आरतीत झांज वाजवावी अशी कुणी अपेक्षाही करत नाही. वर्षभर त्या घरात सण नसतो. या चालीरीती आपण कितीही हसण्यावारी नेल्या तरी त्यांत एक शहाणपण आहे, दुःख असलेल्या माणसाला बाहेरून खूण असते. तुझं माणूस गेलं आणि तुला सुतकच मिळालं नाही. लोकांच्या लेखी तुझ्या घरात बाबांचं आजारपण सोडलं तर काही घडलेलंच नाही. मित्र पेट्यांचं विचारतात, कारण तुला दुखणं असेल तर ते पेट्यांचंच असेल असं त्यांना वाटतं. तू आतून मयताच्या घरात आणि बाहेरून गणपतीच्या घरात उभा आहेस. सगळं दुसऱ्याच्या घरी चाललंय असं वाटेल नाहीतर काय?

दुसरी गोष्ट. 'त्यांनाही मी नकोसा झालोय, हे कळतं मला.' कसं कळतं? पत्रात त्यांनी तुला टाळल्याचा एकही प्रसंग नाही. मी शोधला. उलट ते भेटतात, विचारतात, टूर्नामेंटचं सांगतात. शिकागो विद्यापीठात जॉन कॅसिओपो नावाचे मानसशास्त्रज्ञ होते, 2018 साली गेले. त्यांनी वर्षानुवर्षं एकटेपणाचा अभ्यास केला. त्यांचं म्हणणं असं की एकटेपणा हा भुकेसारखा आहे, शरीर आपल्याला सांगत असतं की माणसांत जा. पण तो फार लांबला की मन पहाऱ्यावर बसतं. समोरच्याच्या साध्या चेहऱ्यातही नकार दिसायला लागतो, माणूस आधीच अंग चोरतो आणि मग समोरचाही थोडा मागे सरतो. मे महिन्यात बागेत राखणीला बसलेल्या माणसाला पान हललं तरी वानर आला असं वाटतं ना, तसं. रात्रभर जागलेला राखणदार खोटं बोलत नसतो, त्याला खरंच वानर दिसतो. एकटेपणावरच्या वेगवेगळ्या उपायांचा शिकागोच्याच मंडळींनी एकत्र ताळा घेतला तेव्हाही, नुसत्या गाठीभेटी वाढवण्यापेक्षा हा पहारा सैल करण्याचे उपाय जास्त लागू पडलेले दिसले.

म्हणून 'लोकांत मिसळ' असला सल्ला मी तुला देणार नाही. बावीस माणसांत मिसळूनच तू होतास. मी म्हणते, पुढच्या वेळी मित्राने 'किती पेट्या गेल्या' विचारलं की आकडा सांगून गप्प बसू नकोस, उलट त्याला विचार की वाशीच्या दलालाने तुला काय भाव लावला. दलालाला शिव्या घालणं हे देवगडातलं जुनं मैत्रीचं साधन आहे, कुणी आढेवेढे घेत नाही. तो दहा मिनिटं बोलेल. त्या दहा मिनिटांत त्याच्या चेहऱ्यावर नकोसेपणा दिसतो का ते नीट बघ, आणि दिसलाच तर मला कळव. तेव्हा मी माझं म्हणणं मागे घेईन.

चाकरमानी म्हणतात त्याचंही फार मनावर घेऊ नकोस. तू काही पहिला नाहीस. 18 जानेवारी 1982 ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि मिटायचं नावच घेईना, तेव्हा या पट्ट्यातल्या कितीतरी वाड्यांत धडधाकट पुरुष परत आले. त्याआधी ते फक्त गणपतीला आणि मे महिन्यात दिसायचे, बाकी वर्षभर त्यांची मनीऑर्डर दिसायची. आता ते रोज दिसायला लागले आणि त्यांचं काय करायचं हे कुणालाच कळेना, बायकांना तर मुळीच. आमच्या घराच्या वरच्या अंगाला असेच एक होते, गिरणीत साच्यावर वीस वर्षं काढलेले. ऐकायला कमी यायचं, म्हणून मोठ्याने बोलायचे. संध्याकाळी गडग्यावर बसून म्हणायचे, 'मी हयचो की थयचो, ता कोण सांगीत काय?' दोन वर्षं बसले असतील. मग देवळातल्या भजनाला मागच्या रांगेत टाळ घेऊन बसायला लागले. आवाज भसाडा, त्यात कान गेलेले, कुणी त्यांना गायला सांगितलं नाही. पण टाळ चुकायचा नाही. साच्याच्या ठोक्याची सवय असेल. पुढे डबलबारीच्या सामन्याला भजनी मंडळाची जीप निघाली की त्यांच्यासाठी जागा धरून ठेवायचे. ते हयचे झाले की थयचे, हा प्रश्न नंतर त्यांनी विचारलेला मला आठवत नाही.

माझंही थोडं सांगते, नाहीतर म्हणशील काकी उंटावरून शेळ्या हाकते. 1979 साली माझं ठरलेलं लग्न मोडलं. साखरपुडा झालेला होता, पत्रं चालली होती, आणि एक दिवस त्यांच्याकडून नकाराचा निरोप आला. माझं तुझ्या उलट, मला सगळ्या गावाचं सुतक मिळालं आणि ते नकोसं झालं. ज्या घरी जावं तिथे बायका माझ्याकडे बघून सुस्कारा टाकायच्या. मी घराबाहेर पडेनाशी झाले. मे महिना होता. मावशी आली आणि काही न विचारता मला सड्याखालच्या तिच्या मांगरात घेऊन गेली. तिथे रातांबे फोडायचं काम चाललं होतं. चार बायका, मधे रातांब्यांचा ढीग. फोडायचे, बिया एकीकडे, सालं एकीकडे. सालं रसात बुडवून उन्हात घालायची, वाळली की पुन्हा रसात, पुन्हा उन्हात, असं पाच-सहा वेळा, तेव्हा कुठे सोलं होतात. त्या चौघींना माझं सगळं ठाऊक होतं. पण रातांबे फोडताना कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत नाही, सगळ्यांचं लक्ष हाताकडे. पहिले दोन दिवस माझ्याशी कुणी बोललं ते फक्त 'बियो वेगळ्यो काढ गो' एवढंच. तिसऱ्या दिवशी मीच बोलायला लागले. काय बोलले ते आठवत नाही. हात मनगटापर्यंत तांबडे झाले होते आणि रंग लवकर जात नव्हता, एवढं पक्कं आठवतं. घरी जेवताना आई म्हणाली, आज दोन वेळा भात घेतलास.

समोरासमोर बसून मन मोकळं करणं हे सगळ्यांना जमत नाही, कोकणातल्या पुरुषांना तर नाहीच. समुद्राकडे तोंड करून शेजारी शेजारी बसलेले दोन बाप्ये तासाभरात तीन वाक्यं बोलतात, आणि त्यांच्या लेखी ते फार बोलणं झालेलं असतं. म्हणून तुझ्यासाठी मी बोलण्याचं ठिकाण शोधत नाही, हातांना काम असेल असं ठिकाण शोधते. आता लावणीचे दिवस आहेत. तुमच्याकडे अजून भात लावत असतील तर शेजाऱ्याच्या शेतात सावडीला जा, चिखलात उभं राहिल्यावर चाकरमानी कोण ते ओळखू येत नाही. ऑगस्टपासून रापण सुरू होईल. रापणीचा दोर ओढायला हात नेहमीच कमी पडतात. दोन्हीकडचे दोर किनाऱ्यावरून ओढायचे, पायाखालची वाळू सरकत असते, कुणीतरी ओरडून ताल देतं. आलेल्या हाताला कुणी नाव-गाव विचारत नाही. जाळं वर आलं की वाटे होतात, आणि हात लावणाऱ्याच्याही पिशवीत चार मासळ्या पडतात. घरी जाऊन आईला द्यायच्या. ती लगेच साफ करायला घेईल, स्थळाचं विसरेल.

गणपतीत पुन्हा बावीस माणसं येतील. यंदा झांज दुसऱ्या कुणाला दे. तू गणपतीवरची माटवी बांधायला घे. आदल्या दिवशी भाचरांना घेऊन रानात जायचं, कवंडळं, शेरवडं, हरणं, आंब्याचे टाळ आणायचे, सुपारीची शिपटी बांधायची. मुंबईच्या पोरांना कवंडळ कुठल्या झाडाला लागतं हे ठाऊक नसतं आणि चिखलात पडायला त्यांना आवडतं. मुलं तुला 'काका, लग्न कधी' विचारणार नाहीत, विचारलंच तर उत्तराची वाट बघणार नाहीत. आरतीच्या वेळी गडग्यावर जावंसं वाटलं तर जा. गडग्यावर बसणं वाईट नाही. दोन्हीकडचं दिसतं. फक्त आरती संपल्यावर प्रसादाचं ताट घ्यायला खाली ये.

आता दाढी.

तुझी गोष्ट एका माणसाला कळायला हवी. सगळ्या वाडीला नको. वाडीत सांगितलेलं संध्याकाळी तिठ्यावर पोचतं आणि तिथून एसटीने पुढे जातं. एकच माणूस. मी आधी मित्र म्हणणार होते, मग चुलतभाऊ, मग पत्र पुन्हा वाचलं. दीड वर्षात तुझं डोकं शांत असतं ती वेळ कुठली, हे तूच लिहिलंयस.

तू म्हणशील, बाबांना सांगितलं तर त्यांना वाटेल माझ्यापायी पोराचं लग्न मोडलं. वाटेल. मला विचारशील तर त्यांना ते आत्ताच वाटत असणार. दिवसभर पडवीत पडून असलेल्या माणसाला घरातलं सगळं कळतं. रात्री कोण जागं आहे, कुणाच्या खोलीत मोबाइलचा उजेड आहे, स्थळाचा विषय निघाला की कोण उठून बाहेर जातं. त्यांची जीभ गेली आहे, कान नाही. मुंबईत नऊ वर्षं राहिलेला तीस वर्षांचा मुलगा एका फोनवर सगळं सोडून आला, तर मागे कुणीतरी असणार, एवढा हिशोब त्यांनी कधीच केला असेल. ते विचारू शकत नाहीत, तू सांगत नाहीस, आणि दिवसाआड त्यांचा गाल तुझ्या हातात असतो.

'तुमच्यामुळे' हा शब्द त्यात येऊ देऊ नकोस, आणि 'तुमच्यामुळे नाही' हाही नको, तो तर त्याहून वाईट. पहिलं वाक्य मी देते: 'बाबा, मुंबईत एक मुलगी होती.' तिचं नाव सांग. कुठे राहायची सांग, कशावर हसायची ते सांग. घाई करू नकोस, थांबलास तरी चालेल, त्यांना कुठे जायचंय. ते काही म्हणतील, ते तुला कळेल न कळेल. साबण वाळला तर पुन्हा लाव. आणि हे सगळं एक गाल झाल्यावर सांग, दुसरा बाकी असताना, म्हणजे दोघांनाही उठून जाता येणार नाही. फक्त रेझर आधी खाली ठेव. तुझा हात थरथरेल, त्यांची हनुवटीही.

— काकी